लहान राष्ट्राची मोठी कसरत : संयुक्त अरब अमिरातीचे परराष्ट्र धोरण आणि आपण

कामोठे-पनवेल परिसरातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे एक पाऊल आखातात असते. कोणाचा मुलगा दुबईत नोकरीला, कोणाची कन्या अबुधाबीच्या रुग्णालयात परिचारिका, तर कोणाचे यजमान मालवाहू जहाजावर. आखातात क्षेपणास्त्रे डागली गेल्याची बातमी आली की येथील घरांत फोन खणखणू लागतात आणि रविवारच्या मिस्सेत परदेशी राहणाऱ्या आपल्या बांधवांसाठी खास प्रार्थना होते. ही प्रार्थना अधिक डोळसपणे व्हावी यासाठी ज्या देशात आपली माणसे राहतात तो देश जगाशी कसा वागतो, त्याला भय कशाचे वाटते, आणि इस्लाम हा राज्यधर्म असूनही तो ख्रिस्ती उपासनेला जागा का देतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात संयुक्त अरब अमिराती (यूएई) या देशाचा या दृष्टीने विचार केला आहे.

हा देश आपल्याला वाटतो तितका दूर नाही. कळंबोलीहून उरणच्या दिशेने रात्रंदिवस धावणारे कंटेनर ट्रेलर ज्या न्हावा शेवा बंदराकडे जातात, तेथे १९९९ साली देशातील पहिले खासगी कंटेनर टर्मिनल सुरू झाले. ते मूळचे पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीचे. २००६ साली दुबई सरकारच्या मालकीच्या डीपी वर्ल्ड या कंपनीने पी अँड ओ विकत घेतली आणि न्हावा शेवाचे ते टर्मिनलही तिच्याकडे आले. याच व्यवहारातून अमेरिकेतील काही बंदरेही डीपी वर्ल्डकडे जाणार होती. परंतु अमेरिकन काँग्रेसमध्ये सुरक्षेच्या कारणावरून गदारोळ उठला आणि कंपनीला तेथील कामकाज विकून टाकावे लागले. एकाच व्यवहाराला भारताने आणि अमेरिकेने दिलेला हा वेगवेगळा प्रतिसाद ध्यानात ठेवावा. या देशाची बंदरे म्हणजे त्याच्या परराष्ट्र धोरणाचे हातपाय आहेत.

मुंबईशी जुने नाते

आजच्या यूएईचा किनारा आणि मुंबई यांचा संबंध तेलाच्या शोधापूर्वीचा आहे. १८१९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराची मोहीम मुंबईहूनच रास अल-खैमावर चालून गेली होती. तिच्यानंतर १८२० साली तेथील शेखांशी पहिला तह झाला. पुढे १८९२ च्या करारान्वये या शेखांनी आपले परराष्ट्र व्यवहार ब्रिटनच्या हाती सोपविले आणि मोबदल्यात संरक्षणाची हमी मिळविली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या किनाऱ्यावर भारतीय रुपया चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटाही काढल्या होत्या.

१९६८ साली ब्रिटनने जाहीर केले की १९७१ अखेर आपण आखातातून माघार घेणार. शतकाहून अधिक काळ दुसऱ्याच्या छत्राखाली राहिलेल्या या लहान संस्थानांपुढे त्यामुळे मोठा प्रश्न उभा राहिला. ३० नोव्हेंबर १९७१ रोजी, म्हणजे ब्रिटिश अंमल संपण्याच्या अगदी उंबरठ्यावर, इराणने अबू मुसा, मोठे तुंब व लहान तुंब या बेटांवर आपले सैन्य उतरविले. त्यानंतर दोनच दिवसांनी, २ डिसेंबर १९७१ रोजी, अबुधाबी, दुबई, शारजा, अजमान, उम्म अल-कुवैन व फुजैरा यांनी एकत्र येऊन संघराज्य स्थापन केले. रास अल-खैमा १९७२ च्या फेब्रुवारीत सामील झाले. अबुधाबीचे शेख झायेद हे पहिले अध्यक्ष झाले व २००४ साली निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. थोडक्यात सांगायचे तर या राष्ट्राचा जन्मच सीमावादात झाला, आणि बेटांचा तो वाद त्याच्या परराष्ट्र धोरणातून कधीच पुसला गेला नाही.

दहा हजार आणि वीस हजार

लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने एका राजाचा दृष्टांत दिला आहे. आपल्या दहा हजार सैनिकांनिशी वीस हजार घेऊन येणाऱ्या शत्रूचा सामना करता येईल काय, याचा तो राजा आधी बसून विचार करतो. आणि ते शक्य नसेल तर शत्रू दूर असतानाच वकील पाठवून सलोख्याची बोलणी सुरू करतो. प्रभूने हा दृष्टांत शिष्यत्वाची किंमत समजावण्यासाठी सांगितला. तरीही लहान राष्ट्रांची स्थिती त्यातून नेमकी उमगते.

यूएईचे क्षेत्रफळ सुमारे ८३,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून किंचित अधिक. लोकसंख्या एक कोटीच्या घरात. परंतु त्यांपैकी मूळ नागरिक जेमतेम दहा-बारा टक्के. बाकी सारे आपल्यासारखे पोटापाण्यासाठी आलेले. समोरच्या किनाऱ्यावरील इराणची लोकसंख्या सुमारे नऊ कोटी. असे राष्ट्र केवळ सैन्यबळावर सुरक्षित राहू शकत नाही. म्हणून त्याने आपल्या धोरणाची काही सूत्रे ठरविली.

पहिले सूत्र : एकाहून अधिक आधार. १९८१ च्या मे महिन्यात सहा अरब राजसत्तांची आखाती सहकार्य परिषद स्थापन झाली, तीही अबुधाबीतच. अमेरिकन हवाई दल अबुधाबीजवळच्या अल धफ्रा तळाचा वापर करू लागले. २००९ साली फ्रान्सने अबुधाबीत लष्करी तळ उघडला. त्याच वेळी चीन व रशिया यांच्याशी व्यापार चालूच राहिला आणि १ जानेवारी २०२४ पासून यूएई ब्रिक्स गटाचा सदस्य झाला. एकाच मित्राच्या दारावर सर्वस्व टांगायचे नाही, असा हा हिशेब आहे. रशिया-युक्रेन युद्धात दोन्ही बाजूंशी संबंध टिकविल्यामुळेच २०२४ पासून युद्धकैद्यांच्या अदलाबदलीत यूएईला अनेकदा मध्यस्थी करता आली. हजारो कुटुंबांना त्यामुळे आपली माणसे परत मिळाली.

दुसरे सूत्र : जगाला आपली गरज वाटली पाहिजे. १९७९ साली दुबईत जबेल अली बंदर सुरू झाले. त्याच्या पाठोपाठ विमानसेवा, गोदामे, मुक्त व्यापार क्षेत्रे व वित्तीय संस्था उभ्या राहिल्या. ज्या शहरातून साऱ्या जगाचा माल आणि पैसा फिरतो, त्या शहराच्या शांततेत साऱ्या जगाचा स्वार्थ गुंततो.

तिसरे सूत्र : तेलानंतरच्या दिवसांची तयारी. तेलाचे बहुतांश साठे एकट्या अबुधाबीत आहेत आणि तेही कधीतरी संपणारे. दक्षिण कोरियाच्या साहाय्याने बराका येथे अणुवीज प्रकल्प उभारण्यात आला. त्याची पहिली अणुभट्टी २०२० साली व चौथी २०२४ साली कार्यान्वित झाली. अरब जगतातील हा पहिलाच अणुवीज प्रकल्प.

चौथे सूत्र : धार्मिक सहिष्णुतेची ओळख. याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

सुरक्षेपुढील आव्हाने

नकाशा उघडून पाहिल्यास सर्वांत मोठे संकट चटकन दिसते. आखातातून बाहेर पडण्याचा सागरी मार्ग होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जातो. अत्यंत अरुंद ठिकाणी तिची रुंदी चाळीस किलोमीटरही नाही. २०२४ साली जगात वापरल्या जाणाऱ्या खनिज तेलापैकी सुमारे एक पंचमांश तेल या चिंचोळ्या वाटेने गेले. ही वाट अडली तर अबुधाबीच्या तेलाची विक्री थांबते आणि पनवेलच्या पेट्रोल पंपावरही त्याचे पडसाद उमटतात. यावर उतारा म्हणून २०१२ साली हबशान ते फुजैरा अशी तेलवाहिनी टाकण्यात आली. फुजैरा हे बंदर सामुद्रधुनीच्या बाहेर, ओमानच्या आखाताच्या काठी आहे. दिवसाला सुमारे १५ लाख पिंप तेल या वाहिनीतून जाऊ शकते. तथापि, २०१९ च्या मे महिन्यात फुजैराच्याच समुद्रात चार जहाजांवर घातपात झाला. पर्यायी वाटही निर्धोक नाही, हे त्यातून दिसून आले.

दुसरे आव्हान दक्षिणेचे. २०१५ च्या मार्च महिन्यात सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीत यूएई येमेनच्या युद्धात उतरला. त्याच वर्षी ४ सप्टेंबर रोजी मारिब येथील एका क्षेपणास्त्र हल्ल्यात त्याचे पन्नासच्या आसपास सैनिक मृत्युमुखी पडले. एवढ्या लहान देशासाठी हा जबर आघात होता. २०१९ साली यूएईने आपले बहुतांश सैन्य तेथून माघारी घेतले. पण वैर तेथेच संपले नाही. १७ जानेवारी २०२२ रोजी येमेनमधील हौथी बंडखोरांनी अबुधाबीवर ड्रोन व क्षेपणास्त्रांनी हल्ला केला. मुसफ्फा भागातील तेलसाठ्यावरील स्फोटात तिघे ठार झाले : दोन भारतीय आणि एक पाकिस्तानी. ज्या युद्धाशी त्यांचा काही संबंध नव्हता, त्या युद्धाने तीन कष्टकऱ्यांचे प्राण घेतले. आखाती देशांच्या सुरक्षेचा प्रश्न हा केवळ राजवाड्यांचा प्रश्न नसून मजुरांच्या वस्त्यांचाही आहे, हे या घटनेइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

तिसरे आव्हान पाणी व अन्न यांचे. पिण्याचे पाणी प्रामुख्याने समुद्राचे पाणी गोडे करून मिळते आणि अन्नाचा फार मोठा हिस्सा आयात होतो. बंदरे व जलशुद्धीकरण केंद्रे यांना धोका पोहोचला तर वाळवंटातील या भव्य शहरांचे जीवन काही दिवसांतच कठीण होईल.

चौथे आव्हान शेजारच्या भांडणांचे. जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया, बहरीन व इजिप्त यांच्यासह यूएईने कतारवर बहिष्कार घातला. तो जानेवारी २०२१ मध्ये उठला. १५ सप्टेंबर २०२० रोजी यूएईने इस्राएलशी अब्राहम करारांवर स्वाक्षरी केली. त्यातून व्यापार व तंत्रज्ञान मिळाले. परंतु ऑक्टोबर २०२३ नंतर गाझामध्ये जे घडले त्यामुळे अरब जनमताच्या रोषाला तोंड देणे अवघड झाले. जून २०२५ मध्ये इराणने कतारमधील अमेरिकन तळावर क्षेपणास्त्रे डागली तेव्हा आखातातील प्रत्येक राजधानीला एक गोष्ट उमगली. ज्या तळामुळे संरक्षण मिळते, तोच तळ संकटालाही निमंत्रण देऊ शकतो.

येथे एका कटू बाबीचा उल्लेख न करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. येमेनच्या युद्धात सामान्य नागरिकांचे अतोनात हाल झाले आणि त्या आघाडीत यूएई सहभागी होता. सुदानच्या यादवीत एका सशस्त्र गटाला शस्त्रे पुरविल्याचा आरोपही त्या देशावर झाला. यूएईने तो नाकारला आहे. सुदानने २०२५ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. आपल्याला या प्रकरणी अधिकारक्षेत्र नाही असे सांगून न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात तो निकाली काढला; आरोप खरे की खोटे, याचा निर्णय त्यात झाला नाही. एखाद्या देशाने आपल्या बांधवांना रोजगार दिला म्हणून त्याच्या प्रत्येक कृतीवर पांघरूण घालणे ख्रिस्ती विवेकाला शोभणारे नाही.

ख्रिस्तसभेचे स्थान

आता चौथ्या सूत्राकडे वळू. १९६५ साली अबुधाबीत संत योसेफाचे चर्च उभे राहिले आणि १९६७ साली दुबईत संत मरियेचे. दोन्हींसाठी जमीन स्थानिक शासकांनी दिली. दक्षिण अरेबियाचे प्रेषितीय व्हिकारिएट, ज्यात यूएई, ओमान व येमेन हे तीन देश येतात, त्याचे मुख्य स्थान अबुधाबीत आहे. कॅपुचिन संघाच्या धर्मगुरूंनी तेथे दीर्घकाळ सेवा केली आहे. २००७ साली यूएई व परमपवित्र पीठ यांच्यात राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. २०१७ साली अबुधाबीतील एका मशिदीला ‘मरियम, येशूची माता’ असे नाव देण्यात आले. संत योसेफाचे कॅथेड्रल तिथून जवळच आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ३ ते ५ फेब्रुवारी २०१९ या काळात अबुधाबीला भेट दिली. अरबी द्वीपकल्पावर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप होत. असिसीकर संत फ्रान्सिस आणि सुलतान अल-कामिल यांच्या १२१९ सालच्या भेटीला त्या वर्षी आठशे वर्षे पूर्ण होत होती. ४ फेब्रुवारीला पोपमहोदय व अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी मानवी बंधुत्वाच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी केली आणि दुसऱ्या दिवशी झायेद क्रीडानगरीत लाखाहून अधिक भाविकांसमवेत मिस्साबलिदान अर्पण झाले. संयुक्त राष्ट्रसंघाने पुढे ४ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मानवी बंधुत्व दिन म्हणून घोषित केला. २०२३ साली अबुधाबीत एकाच आवारात मशीद, चर्च व यहुदी सभास्थान असलेले ‘अब्राहमिक फॅमिली हाऊस’ खुले झाले.

या औदार्यामागे राजकीय हिशेब आहे काय, असा प्रश्न काही जण विचारतात. हिशेब निश्चितच आहे. बहुसंख्य रहिवासी परदेशी असलेल्या देशात धार्मिक तेढ पेटली तर राज्यच कोसळेल. धर्माच्या नावे सत्ता मागणाऱ्या चळवळींना तेथील शासक आपल्या गादीला असलेला धोका मानतात. २०१४ साली त्यांनी मुस्लिम ब्रदरहूडला दहशतवादी संघटना घोषित केले ते याच भूमिकेतून. म्हणजे सहिष्णुता हा त्यांच्या सुरक्षा धोरणाचाही भाग आहे. तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. उपासना चर्चच्या आवारात करावयाची; मुसलमानांमध्ये धर्मप्रसार करण्यास सक्त मनाई; आणि शासनावरील उघड टीकेला वाव नाही. तरीही हेतूंत हिशेब मिसळलेला आहे म्हणून फळ खोटे ठरत नाही. पूर्वी शुक्रवारी सुटी असल्यामुळे आपल्या बांधवांची मोठी मिस्सा व मुलांचे धर्मशिक्षण शुक्रवारीच होत असे. जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवारच्या सुटीचा नियम आला आणि पुष्कळांना प्रभूचा दिवस प्रभूच्या दिवशीच पाळता येऊ लागला. व्यापाराच्या सोयीसाठी घेतलेल्या या निर्णयाचा ख्रिस्ती कुटुंबांना असाही लाभ झाला.

याच व्हिकारिएटमधील येमेनची कहाणी मात्र रक्ताने लिहिली गेली. ४ मार्च २०१६ रोजी एडन येथील मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या वृद्धाश्रमावर बंदूकधाऱ्यांनी हल्ला केला. चार धर्मभगिनींसह सोळा जण मारले गेले. त्या भगिनींपैकी एक भारतीय होत्या. सेल्सियन संघाचे भारतीय धर्मगुरू फादर टॉम उझुन्नालिल यांचे अपहरण झाले. ओमानच्या मध्यस्थीने सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांची सुटका झाली. एकाच धर्माधिकाऱ्याच्या कार्यक्षेत्रात एकीकडे गजबजलेली चर्चेस आणि दुसरीकडे हुतात्म्यांची भूमी! राज्य स्थिर असणे म्हणजे काय आणि ते कोसळणे म्हणजे काय, हे यावरून ध्यानात यावे.

भारत आणि आपण

यूएईमध्ये सुमारे ३५ लाख वा त्याहून अधिक भारतीय राहतात. तेथील कोणत्याही परकीय समाजापेक्षा ही संख्या मोठी आहे. जानेवारी २०१७ मध्ये दोन्ही देशांनी सर्वंकष सामरिक भागीदारीचा करार केला. व्यापक आर्थिक भागीदारी करार १ मे २०२२ पासून अमलात आला. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार परदेशातून भारतात येणाऱ्या पैशांपैकी सुमारे १९ टक्के एकट्या यूएईतून येतात आणि असे पैसे मिळणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र अग्रभागी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीतील जी-२० परिषदेत भारत-मध्यपूर्व-युरोप मार्गिकेची घोषणा झाली. त्या योजनेत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरे प्रथम यूएईशी जोडावयाची आहेत. मार्गिकेचे भवितव्य पश्चिम आशियातील शांततेवर अवलंबून आहे आणि त्या शांततेशी न्हावा शेवावर पोट असणाऱ्या आपल्या परिसराचाही संबंध आहे.

अशा परिस्थितीत आपल्या हाती काय आहे? प्रथम, आखातात जाणाऱ्या तरुणांनी पूर्ण माहिती घेऊनच जावे. दलाल नोंदणीकृत आहे काय, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ व्यवस्थेतून पडताळता येते. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांना नोकरीसाठी यूएईला जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी लागते. ती टाळून पर्यटकाच्या व्हिसावर कामाला जाणे म्हणजे संकटकाळी निराधार होणे. मालकाने कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवणे तेथील कायद्यालाही मान्य नाही, हेही ठाऊक असावे. दुसरे, तेथे पोहोचताच भारतीय दूतावासाकडे नोंदणी करावी आणि घरच्यांकडे पासपोर्ट, व्हिसा व नोकरीच्या कराराच्या प्रती ठेवाव्यात. १९९० साली इराकने कुवेत गिळंकृत केला तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. अशा वेळी माणूस शोधणे सोपे जावे म्हणून ही काळजी.

तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आपले बांधव एका मुस्लिम राष्ट्रात अल्पसंख्य म्हणून सन्मानाने प्रार्थना करतात, याचा आपल्याला आनंद होतो. तोच सन्मान आपल्या सोसायटीतील, आपल्या गाडीच्या डब्यातील मुस्लिम शेजाऱ्याला आपण देतो काय? अबुधाबीच्या जाहीरनाम्याची खरी कसोटी अबुधाबीत नाही. ती मानसरोवर आणि खांदेश्वर स्थानकांच्या फलाटांवर आहे.

लहान राष्ट्राला सलोखा हा जगण्याचा मार्ग म्हणून शिकावा लागला. आपल्याला तो प्रभूच्या आज्ञेतून मिळाला आहे. होर्मुझच्या पाण्यातील खलाशी, बांधकामाच्या परातीवरील मजूर, रुग्णालयातील परिचारिका, येमेन व सुदानमधील निष्पाप बालके, आणि युद्ध की वाटाघाट याचा निर्णय ज्यांच्या हाती आहे ते राज्यकर्ते, या सर्वांना आपल्या प्रार्थनेत स्थान देऊया. शांतीची राणी पवित्र मरिया हिच्या मध्यस्थीने त्या किनाऱ्यांवर आणि आपल्या अंतःकरणांत शांती नांदो.